गालाच्या पेशी

"जोड्या लावून बसा," म्हणत धामणकर मॅडम सवयीने कोण उरतंय ते बघू लागल्या.

अकरावीचं प्रॅक्टिकल होतं. टूथपिकने गाल आतून हलकेच खरवडायचा, काचपट्टीवर निळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि आपली पेशी जोडीदाराच्या पेशीशेजारी ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायची. बहुतेक वर्षी कुणीतरी एकटं उरायचंच. मग मॅडम भिंतीकडचं स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसायच्या आणि स्वतःचा गाल खरवडून द्यायच्या. "मॅडम, तुमचं केंद्रक माझ्यापेक्षा मोठंय," असं एकदा एक मुलगी म्हणाली होती. ते त्यांना अजून आठवायचं. घरी त्यांच्याकडे इतकं निरखून बघणारं कुणी नव्हतं.

यंदा वर्गात बरोबर चाळीस मुलं होती. वीस जोड्या लागल्या, खिदळत आकृत्या काढून, सह्या घेऊन निघूनही गेल्या. स्टूल भिंतीलाच राहिलं.

प्रयोगशाळेचे मामा मायक्रोस्कोप उचलायला आले, तेव्हा मॅडम एका मायक्रोस्कोपवर वाकल्या होत्या. शेजारी दुसरी काचपट्टी तयार होती.

"यंदा कोण उरलं, मॅडम?"

"आहे एक. पाच मिनिटं द्या मामा."

मामा बाहेर जाऊन थांबले. मॅडमनी वहीत शेजारी शेजारी दोन पेशी काढल्या. एकीखाली लिहिलं, डावा गाल. दुसरीखाली, उजवा गाल. मग मुलं लिहितात तसाच निष्कर्ष लिहिला: दोन्हींत पेशीपटल, पेशीद्रव्य, केंद्रक दिसले. फरक आढळला नाही.