डोक्यातला कारखाना

“एखादा मोकळा माणूस द्या आम्हाला, बाकी आमच्यावर सोडा,” पहिला सल्लागार म्हणाला आणि पूंगोडीचा जीव भांड्यात पडला.

हा आनंदराज चेन्नईहून आला होता. कारखान्याचा सगळा कारभार संगणकात बसवून द्यायचा, हा त्याचा धंदा. ऑर्डरी, माल, भाव, सगळं. कुठल्याही कारखान्याला चालेल असा साचा त्याच्याकडे तयार होता. पंपांची जुनी नावं तो पुसून टाकणार होता आणि त्यांना क्रमांक देणार होता. “अय्यांना कसलाही त्रास नाही. त्यांनी फक्त फीत कापायला यायचं,” असं म्हणून तो स्वतःच हसला. अय्या म्हणजे समोर बसलेले कारखान्याचे मालक रंगसामी गौंडर, पूंगोडीचे सासरे; ती त्यांना मामा म्हणे. आनंदराज नमस्कार करून गेला.

पूंगोडीला हेच हवं होतं. मामांना कुणी काही विचारू नये.

कोइमतूरच्या ह्या कारखान्यात पंपांना नावं गावांची. जो पंप पहिल्यांदा ज्या गावच्या शेतकऱ्याने नेला, त्या गावाचं नाव त्याला चिकटलं. पल्लडम, उदुमलै, अन्नूर. कुठलं पाणी क्षारट, म्हणून कुठल्या पंपात पितळेचा पंखा घालायचा आणि कुठल्यात बिडाचा, हे कागदावर कधी आलंच नाही. फोरमन दारात येऊन विचारायचा, “अय्या, अन्नूर?” आणि मामा मान वर न करता सांगून टाकायचे. उभा जन्म असाच गेला. अख्खा कारखाना त्या एका टकलाखाली होता.

आणि आता तिथून गळती सुरू झाली होती.

पोंगल झाल्यावर पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं. मामांनी उदुमलैच्या पंपात पल्लडमचा पंखा घालायला सांगितला. लॉरी भरताना तिने पाहिलं आणि काहीतरी थाप मारून पंप उतरवून घेतले. मग एकाच व्यापाऱ्याला तासाभरात दोनदा फोन. परवा तर त्यांनी फोरमनला त्याच्या मेलेल्या बापाच्या नावाने हाक मारली. फोरमनला वाटलं, अय्या गंमत करताहेत. तो हसला. 

नवरा पंप विकायला सदा फिरतीवर. फोनवर त्याला सांगायला तिची जीभ रेटेना. बँकेला कळलं तर? व्यापाऱ्यांना कळलं तर? आणि मामांनाच कळलं तर? बायकोचे दिवस होताच दुसऱ्या सकाळी कारखान्याच्या फाटकात हजर झालेला हा माणूस. त्याला ‘तुमचं डोकं चालेनासं झालंय’ हे सांगायचं कुणी? म्हणून तिने हे संगणकाचं खूळ काढलं. “सगळेच घेताहेत मामा, आपणच मागे कशाला राहायचं?” असं ती वरवर म्हणाली.

दुसरी सल्लागार तामरैसेल्वी. स्कूटरवरून आली, एकटीच. आधी कारखान्यात मनसोक्त हिंडली आणि मग पदराने घाम पुसत येऊन बसली.

“साचा नाही आणलात?” पूंगोडीने विचारलं.

“कशाचा साचा, अम्मा? ज्याला विचारावं तो एकच सांगतो, ‘अय्यांना विचारा.’ वॉचमनसुद्धा!” ती मोकळेपणाने हसली. मग म्हणाली, “मला मोकळा माणूस नको. ज्याच्यावाचून तुमचा कारखाना उद्या बंद पडेल, तो माणूस द्या. सहा महिने. रोज माझ्यासमोर बसायचं, मी विचारेन ते सांगायचं. तोवर दुसरं कुठलंही काम नाही.”

पूंगोडीला पुढचं दिसलं. रोज समोर बसायचं. प्रश्नामागून प्रश्न. दोन दिवसांत ह्या बाईला सगळं कळेल. त्याहून वाईट म्हणजे मामांना कळेल, स्वतःच्याच तोंडून.

“ते जमायचं नाही,” ती एवढ्या जोरात बोलली की बाहेरचा शिपाई आत डोकावला. “उन्हाळा तोंडावर आलाय, पंपांना मागणी आहे. आम्ही चेन्नईवाल्यांनाच काम द्यायचं ठरवलंय. हो ना, मामा?”

मामा तामरैसेल्वीकडेच बघत होते.

“तुमची मर्जी,” तामरैसेल्वीने पिशवी उचलली. “पण अम्मा, क्रमांक देऊन तो निघून जाईल. त्या क्रमांकाच्या पंपात काय घालायचं, हे मग कुणाला विचाराल?”

ती दारापर्यंत पोचली, तेव्हा मामा बोलले.

“बस गं बाई. कॉफी तरी घेऊन जा.” मग सुनेकडे वळून म्हणाले, “कण्णू, पोरी, उद्यापासून माझ्या खुर्चीत तू बस. फोरमनला उत्तरं तू द्यायची. मी हिच्यासमोर बसतो.”

“मामा, मला कुठं काय येतंय!” ती म्हणाली. “आणि तुम्हाला झेपायचं नाही हे. उन्हाळा जाऊ दे, आडीचा पावसाळी महिना लागला की बघू. एवढी घाई काय आहे?”

“घाई आहे.”

ते असं म्हणाले तेव्हा त्यांची बोटं टेबलाच्या कडेला घट्ट आवळलेली होती. मामांना घाबरलेलं तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. तिच्या नजरेला नजर न देता ते तामरैसेल्वीला म्हणाले, “आजच सुरू कर, बाई. रोज सकाळी उठतो, तेव्हा कालच्यातलं काहीतरी गेलेलं असतं.”