उजवा कौल

"देवाक कोण प्रोसेसर इचारता, बाबा?" सुविधा कुजबुजली.

"लगीन इचारलंय, बावडी इचारलंय, ट्रक इचारलंय," सगुण म्हणाला. "मगे ह्या काय पाप आसा?"

गुरुदास गुरवाने रवळनाथाच्या छातीवर दोन बाजूंना दोन ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, हो तुझो सगुण आज पायाकडे इलो हा. नवो कंप्युटर बांधूचो आसा. त्येच्यात मेंदू खंयचो घालूचो, त्येचो निवाडो कर. उजवी कळी दिलंस तर निळो, डावी दिलंस तर तांबडो. व्हय म्हाराजा!"

निळा म्हणजे इंटेल, तांबडा म्हणजे रायझेन. खोक्यांच्या रंगांवरून बापलेकींनी ही नावं पाडली होती. सगुणने उमेदीची सगळी वर्षं डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या तेव्हा मोपाच्या विमानतळाची माती ओढली. विमानतळ झाला, ट्रक विकला. तेव्हापासून तो सुविधाच्या जुन्या लॅपटॉपवर ट्रकचा गेम खेळायचा. घाटाच्या वळणावर चित्र अडकायचं आणि ट्रक दरीत जायचा. म्हणून हा नवा कंप्युटर.

दरी दुसरीही होती. सगुणच्या हृदयाच्या शिरा तुंबल्या होत्या. ऑपरेशन करा किंवा गोळ्यांवर दिवस काढा, धोका दोन्हीकडे आहे, ठरवून सांगा, असं डॉक्टर म्हणाले होते. ठरत नव्हतं. सुविधा पणजीला एका ग्रंथालयात कामाला होती. हृदयावर मिळेल ते तिने वाचून काढलं होतं. पण रात्री जेवताना तिने "डॉक्टर म्हणत होते" एवढं म्हटलं, की सगुण भाताचा घास तसाच धरून म्हणायचा, "तुझ्या तांबड्याक कोर जास्त, कबूल. पण घाटीत गाडी अडाकली तर कोर काय ढकलूक येतत?"

"तांबडो घेतलास तर फुडे नवो मेंदू त्याच बोर्डार बसात, बाबा."

'फुडे' या शब्दापाशी दोघंही थांबायची. मग कोणीतरी आमटी वाढायचं.

आता सगुणने डोळे गच्च मिटले होते. प्रोसेसरसाठी एवढे हात जोडायचे, याचं सुविधाला हसू यायला हवं होतं. तिने शाळेनंतर कधी कौल मागितला नव्हता. पण तिनेही डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग उजवी कळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

"निळो," गुरुदास म्हणाला. सगुणकडे न बघता म्हणाला.

सगुण पडलेल्या कळीकडे बघत राहिला. मग हसला. "हरलंस गो बाय!"

देवळाच्या पायरीवर सुविधाने त्याचं कोपर धरलं. "बाबा, ऑपरेशन करूया."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मी सांगतंय म्हणान तरी करूया."

"थांब हां. तीर्थ घेवचा ऱ्हवला." तो आत गेला. त्याला यायला जरा वेळ लागला. बाहेर आला आणि चपला घालता घालता म्हणाला, "बरा. करूया."

दोन महिने जे ठरत नव्हतं ते एका पायरीवर ठरलं. दुसऱ्या दिवशी ती त्याला हॉस्पिटलात घेऊन गेली. ऑपरेशनच्या टेबलावरून तो परत आला नाही.

बाराव्यानंतर म्हापशाच्या दुकानातून सगुणने मागवलेलं सामान आलं. सुविधाने खोका उघडला. आत प्रोसेसर तांबडा होता. तिने दुकानात फोन लावला.

"चूक नाय बाय," दुकानदार म्हणाला. "सगुणदादानच हॉस्पिटलातसून फोन केल्लो. म्हणालो, निळो नको, तांबडो दी. चेडवाक, म्हणजे तुका, तोच व्हयो."

सुविधा फोन हातात धरून बसून राहिली. देवाने नको म्हटलं म्हणून या माणसाने एकदा हातातोंडाशी आलेला ट्रक सोडला होता. ती उठली आणि तशीच देवळात गेली.

गुरुदास समया पुसत होता.

"काका, बाबांनी कौल मोडलो?"

गुरुदासने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मोडलो," तो म्हणाला. "पण तू म्हणतंस तो न्हय."

"म्हणजे?"

"कौलाच्या आदल्या सांजेक माझ्याकडे इल्लो. म्हणालो, तू तोंडान कंप्युटराचा गाऱ्हाणा घाल, माझा मी मनात घालतंय. चेडवाक कळता नये, ता घाबरात. त्येचो कौल ऑपरेशनाचो होतो, बाय. उजवी पडली तर घराकच ऱ्हवतंय, डावी पडली तर ऑपरेशन करून घेतंय."

गाभाऱ्यातल्या समईची वात तडतडली.

"मगे तीर्थाक म्हणान परत आत इलो. माका म्हणालो, देव जाव नको म्हणता. पण चेडवान आजपर्यंत माझ्याकडे कायएक मागूक नाय. देवाची मी समजूत घालतंय, तू तिका सांगू नको." गुरुदासने डोळे पुसले. "तुझो दोष नाय गो. तुका खंय ठावक होता, त्या कळयेत काय होता ता."

सुविधाने रवळनाथाकडे पाहिलं. सकाळच्या पूजेनंतर त्याची छाती कोरडी, मोकळी होती. जे तिने बापाला सांगितलं नव्हतं, हॉस्पिटलात सांगितलं नव्हतं, त्याच्या चितेसमोरही सांगितलं नव्हतं, ते ती मोठ्याने म्हणाली.

"काका, मीय त्याच येळार मनात तोच कौल मागलेलंय. उजवी पडली तर ऑपरेशन करूचा."