कोरडी जागा

हेल्मीच्या पोटाखाली फोड आले होते. साबुदाण्याएवढे, पाण्याने भरलेले. रेनोने तिला खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं, तेव्हा आणखी दोन दिसले. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते आणि साडेतीनला त्याची बायको लेम्पी घरी येणार होती.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लेम्पी तीन आठवडे शुश्रूषा केंद्रात होती. हेल्मी ही सापाची मादी तिची. हातभर लांब, अंगठ्याएवढा जाड, पाठीवर पिवळे पट्टे असलेला साधा, बिनविषारी गार्टर जातीचा साप; सात वर्षं तिने त्याला डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता. जाताना तिने रेनोला बजावलं होतं, "खाली कोरडा कागद, एक वाडगा पाणी, आठवड्यातून दोनदा गांडुळं. बाकी काही करायचं नाही. जमेल?" तिची थोरली बहीण मार्टा तिथेच उभी होती. ती रेनोच्या तोंडावर म्हणाली, "साप धड राहिला तर तू घरी जा, लेम्पी. नाहीतर उन्हाळा येईपर्यंत माझ्याकडे क्लोकेला चल. या माणसाच्या पायाला भिंगरी आहे, हा कसला तुला सांभाळतो?"

बाकी काही करायचं नाही, एवढंच नेमकं रेनोला जमत नसे. डलूथच्या पाणीपुरवठा केंद्रात चौतीस वर्षं पंप दुरुस्त केलेला माणूस. तीन आठवड्यांत त्याने न्हाणीघरात कठडे बसवले, सॉनाचं, वाफेच्या खोलीचं दार उलट्या बाजूला उघडेल असं केलं, आणि सापाच्या काचपेटीत सरोवराकाठचे दगड रचून तीन पायऱ्यांचा धबधबा केला. छोटा पंप, शेवाळ, खाली डबकं. पेटीत बोटभरसुद्धा कोरडी जागा उरली नाही.

आता तो पंपाची वायर ओढून, जुन्या फडक्याने दगड पुसत होता. पाणी थांबल्याबरोबर घर गप्प झालं. त्याला ते सोसेना. त्याने रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला.

तेवढ्यात मार्टाची गाडी आली. रेनोने पडद्याआडून पाहिलं. मार्टाने लेम्पीला उतरवलं, वॉकर हातात दिला. बॅग मात्र डिकीतच राहू दिली.

आत येताच मार्टाने काचपेटी पाहिली. "अगं बाई, नायगारा आणलास की घरी."

लेम्पी खुर्चीत बसली, पाय लांब केला आणि हात पुढे केला. "दे तिला."

तिने हेल्मीला उताणं केलं. पोटावरून अंगठा फिरवला. हेल्मी कधी नव्हे ती अंगाला पीळ घालत होती.

"कधी लावलंस हे?"

"तू गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"काही करू नकोस म्हणाले होते ना मी?"

रेनोने काहीतरी सांगायचं ठरवलं होतं, सापाला पाणी आवडतं वगैरे. ते तोंडातून आलंच नाही. "घरात आवाजच नव्हता, लेम्पी. घर गरम करणारी भट्टी थांबली की काहीच ऐकू यायचं नाही. पंप लावला, तेव्हा कुठे मला झोप लागली."

"म्हणजे सापासाठी नव्हतंच," मार्टा म्हणाली.

"नव्हतं," रेनो म्हणाला. त्याला शरम वाटली.

लेम्पीने अंगावरची शाल काढली. "फोड वरवरचे आहेत. उद्या डॉक्टरांना दाखवू. कोरडी राहिली तर दोन-तीनदा कात टाकली की जातील. बस तू."

"जुनं खोकं आणतो, खाली कागद घालतो, दिवा..."

"ते मार्टा बघेल. बस म्हणते ना."

तो बसला. लेम्पीने शाल त्याच्या मांडीवर टाकली, तिच्यात हेल्मीला ठेवलं आणि त्याचे दोन्ही हात ओढून तिच्यावर ठेवले. "ऊब दे तिला. हलू नकोस. तिला झोप लागेपर्यंत."

"पाच मिनिटंसुद्धा बसायचा नाही," खोकं शोधता शोधता मार्टा म्हणाली.

चुलीवर कॉफी उतू जायला आली होती. वॉकरच्या एका पायाचं रबर सैल झालं होतं; रेनोला ते इथूनही दिसत होतं, आणि पेचकस त्याच्या खिशातच होता. काचपेटीतून पाणी टपटपत जमिनीवर उतरत होतं.

"गालिच्याकडे चाललंय पाणी," तो म्हणाला.

"जाऊ दे."

त्याचा गुडघा हलायला लागला. बोटांच्या फटीतून हेल्मीने डोकं बाहेर काढलं, जीभ काढून हवा चाटली. रेनोने गुडघा आवरला. बराच वेळ त्याने श्वासही जपून घेतला. मग ती हळूहळू त्याच्या बाहीत शिरली आणि कोपराशी वेटोळं करून राहिली. आधी गार लागली, मग लागेनाशी झाली.

कॉफी उतू गेली. चूल लेम्पीने स्वतः, लंगडत जाऊन बंद केली. परत येऊन ती त्याच्याकडे बघत बसली.

"मार्टा," ती जरा वेळाने म्हणाली, "गाडीची किल्ली तुझ्याकडेच आहे ना?"

मार्टाने खोकं खाली ठेवलं, सुस्कारा टाकला आणि बाहेर गेली. डिकी उघडल्याचा आवाज आला. दाराच्या पायऱ्यांवर बॅगेची चाकं आपटली, एकदा, दोनदा. तिसरी पायरी उंच होती, तिथे नेहमीच सामान अडायचं.

"रेनो," मार्टाने बाहेरून हाक मारली. "अरे, हात लाव की जरा."

रेनो उठला नाही.