मागची गादी

डीनने आपल्या गॅरेजच्या काउंटरवर दोन शॉकॲब्सॉर्बर आडवे ठेवले. एक मनगटाएवढा जाड आणि कडक, दुसरा त्याहून बारीक आणि नरम. क्लाइव्हचा हात सरळ जाड्याकडे गेला.

"हाच. चारही चाकांना हाच दे," तो म्हणाला. "आणि संध्याकाळपर्यंत बसव. उद्या सकाळी आईला घरी न्यायचंय."

आईचं नाव व्हेरा. कॅन्सर हाडांत उतरला होता आणि पोर्ट ऑगस्टाच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. फार तर आठवडा, म्हणाले. तिला मरायचं होतं ते उत्तरेला सहाशे किलोमीटरवर, आपल्या गुरांच्या वाडीवर, आपल्या घराच्या पडवीत. त्या मुलखात डॉक्टरांचं विमान आजारी माणसाला दवाखान्यात आणून टाकतं. मरायला परत घरी नेत नाही. म्हणजे राहिली क्लाइव्हची गाडी.

गाडीचा त्याला भारी अभिमान. चार बोटं उचलून घेतलेली, मागे स्प्रिंगचे जादा पाटे घातलेले, टपावर दोन स्टेपन्या, पोटात पाण्याची टाकी आणि हत्यारांचे लोखंडी खण. त्या मुलखात माणसाची किंमत त्याच्या गाडीवरून करतात, आणि त्या बाबतीत क्लाइव्ह कुणाला हार जाणारा नव्हता.

"वजन किती धरू?" डीनने विचारलं.

"नेहमीचंच सामान. सातशे किलो."

"आणि आई?"

"एकोणचाळीस."

डीन हात पुसत थांबला. "निजणार कुठे त्या?"

"मागे. गादी टाकलेली आहे. औषधपाण्याला आणायचो तेव्हा दर खेपेला तिथेच निजायची."

"तू कधी निजलायस तिथे?"

"मी? मी कशाला निजू? गाडी कोण चालवणार, तुझा बाप?"

"किल्ली दे."

"डीन, शॉक बसव ना गड्या, नसते चाळे कशाला?"

"किल्ली दे म्हणतो ना."

गावाबाहेर पाच मिनिटांवर कच्चा रस्ता लागतो, पन्हळी पत्र्यासारखा वळ्यावळ्यांचा. अशा रस्त्यांचं शास्त्र तिथे सगळ्यांना तोंडपाठ असतं: हळू गेलात तर गाडी खिळखिळी होते, ऐंशीच्या वर गेलात की ती वळ्यांच्या माथ्यावरून नुसती तरंगते. क्लाइव्ह हे शास्त्र येणाऱ्याजाणाऱ्याला हौसेनं शिकवत असे. तो गादीवर आडवा झाला तो हसतच. डीनने गाडी ऐंशीवर नेली.

पुढे बसलेला तरंगत असेल. मागच्या चाकांच्या डोक्यावर तरंगणंबिरंगणं काही नव्हतं. खालून घण पडत होते, एकावर एक, मध्ये श्वास घ्यायला फट नाही. डोकं गादीवरून उडत होतं आणि परत आपटत होतं. त्याने कुशीवर वळून पाहिलं, तर ठोके खुब्यात बसायला लागले. त्याने खणाची मूठ घट्ट धरली. बावन्न वर्षांचा धडधाकट माणूस, घोड्यावरून कितीदा पडलेला. पण एका मिनिटात त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याला आईचा खुबा आठवला आणि त्याला स्वतःची लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखी.

"थांबव!" तो ओरडला. पुढे ऐकू गेलं नाही. तो पुन्हा ओरडला, लाथेनं पत्रा बडवला, तेव्हा कुठे गाडी थांबली.

डीन उतरून मागे आला आणि दार उघडलं. धुरळा आत शिरला.

"गाडी तू सामानासाठी कडक केलीयस," तो हळूच म्हणाला. "टाकी, खण, टपावरचं, सगळं गॅरेजात उतरव. मी जादा पाटे काढतो, बारीक शॉक घालतो. टायरातली हवा निम्मी करायची. आणि कच्च्या रस्त्यावर तीसच्या वर जायचं नाही."

"तीसनं दोन दिवस लागतील."

"लागू देत."

"तिच्याकडे एक आठवडा आहे, डीन."

"माहीत आहे मला."

क्लाइव्ह गादीवर उठून बसला. उतरायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

"बारीकच घाल," तो म्हणाला. मग बराच वेळ त्याने तळहाताने गादी चाचपली.

"अकरा महिने आणत होतो तिला. दर खेपेला पुढून विचारायचो, आई, बरी आहेस ना? तर ओरडून सांगायची, झकास आहे, पळव अजून! आणि मी, डीन, मी गावभर सांगत फिरायचो, की आमच्या म्हातारीला वेग आवडतो म्हणून."