बैलाची हाडं

“बाई, ही हाडं बैलाची आहेत. अहवालात तेवढंच लिहा की!” उंबरजेशेठ म्हणाले.

शेठच्या जेसीबीने लिंगायतांची जुनी दफनभूमी उकरली, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. तिची शहानिशा करायला शेठनीच पुरातत्त्वज्ञ साबणेबाईंना आणलं होतं. शेठच्या पाठीमागे फलक झळकत होता: ‘मल्लप्पा टॉवर्स – आजोबांच्या पुण्यस्मृतीस’.

बाईंनी खड्ड्यात उतरून ब्रशने हलकेच माती झाडली. मग शेठचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं ठरवूनच त्या वर आल्या.

“लिहिलंय तुमच्या मनासारखं. वाचून घ्या.”

शेठ खुशीत मोठ्यानं वाचू लागले: ‘हाडे बैलाची आहेत. बैलाला मांडी घालून बसवलेले आहे. गळ्यात चांदीची लिंगाची डबी असून तिच्यावर बैलाचे नाव कोरले आहे: मल्लप्पा गुरुपादप्पा उंबरजे.’