उजवी बाजू

डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या पेन्सिलीनं रंजिताच्या उजव्या गालावर तीन ठिपके काढले, तसा तिचा बाप डोमाजी स्टुलावरून उठला.

"थांबा जरा, मॅडम. बिघडली ते डावी बाजू हाये. चांगल्या बाजूले सुई कायले देता?"

रंजितानं डोळे मिटले. बाबांना तिनं बाहेर बसायला सांगितलं होतं, पण ते ऐकणाऱ्यांतले नव्हते.

वकिलीच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी लकव्यानं तिच्या तोंडाची डावी बाजू गेली होती. सहा महिन्यांत बरीचशी परत आली. पण हसताना डावा कोपरा जागचा हलेना आणि उजवा तेवढा वर चढे. तिचं साधं हसू समोरच्याला कुचकट वाटायचं. दारव्ह्याच्या कोर्टात तिनं पहिला उलटतपास घेतला, तेव्हा साक्षीला आलेला म्हातारा मधेच न्यायाधीशांकडे वळून म्हणाला होता, "साहेब, हे बाई माह्यावर हासून राह्यली. मी नाही बोलत." आणि खरंच तो पुढे बोलला नाही. त्या दिवसापासून बाबाराव वकिलांनी, ज्यांच्या हाताखाली ती काम करायची, तिला कागदांवर बसवलं. दोन वर्षं झाली. प्रश्न ती काढायची, कोर्टात विचारायचे बाबाराव.

"डावी जेवढी सुधारायची तेवढी सुधारली, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता उजवी जास्त जोर लावते आणि सगळं तोंड आपल्याकडे ओढून घेते. या औषधानं तिला थोडी ढिली करायची. दोन्हीकडचं ओढणं सारखं होईल."

डोमाजीचं घाटंजीच्या बसस्टँडजवळ सायकलींचं दुकान होतं. तीस वर्षं त्यानं वाकडी चाकं सरळ केली होती. तो जरा विचारात पडला.

"म्हंजे आऊट काढणं व्हय का? एकीकडचे स्पोक ताणले का रिंग तिकडं जाते. मंग तिकडचे स्पोक ढिले करा लागते."

"अगदी तेच."

"मंग असं पह्यलेच सांगा ना!" डोमाजी बसला. "लावा, मॅडम. पण पाव-पाव आट्यानं. एकदम ढिले नका करू."

सुई बारीक होती. डोळ्यांत पाणी आलं तेवढंच.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी चहा पिताना ओठ जड वाटला आणि 'प' म्हणताना तोंडातून वारा गेला. रंजिता घाबरली, खोलीचं दार लावून तिनं बाराखडी म्हणून पाहिली. अकराव्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक भांडत होतं, की हवा तुम्ही भरली पण ती कालची होती. रंजिता हसली. डोमाजीचा पंपावरचा हात थांबला.

"काय झालं, बाबा?"

"काई नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा हवा भरू लागला. ट्यूब फुटेस्तोवर भरत राहिला.

पुढच्याच आठवड्यात गंगीबाईच्या केसची तारीख होती. गंगीबाई शेतमजूर. बाजाराहून येताना जीप उलटली आणि तिचा पाय कायमचा गेला. जीपमालकाचं म्हणणं, ही बाई माझ्या जीपमध्ये नव्हतीच.

"सर, याचा उलटतपास मी घेते," रंजिता म्हणाली.

बाबारावांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि फाईल तिच्याकडे सरकवली.

जीपमालक पिंजऱ्यात छाती पुढे काढून उभा राहिला. रंजिता त्याच्याकडे पाहून हसली. तोही नकळत हसला.

"दादा, गंगीबाईले ओळखता?"

"नाही. आजच पाह्यतो."

"बरं. गाडी उलटली तवा तुम्हाले बी लागलं म्हणते."

"लागलं ना, मॅडम! खांदा निसटला माह्या." दोन वर्षांत कोणी त्याच्या खांद्याची चौकशी केली नव्हती. तो मोकळा झाला.

"तरी तुम्ही लोकांले बाहेर काढलं."

"मंग! काय पळून जातो काय? आठ जण आपल्या पायानं निघाले. तिले मात्र आम्ही दोघांनं वढून काहाडलं. पाय सीटखाली अटकलता तिचा."

रंजितानं आवाज चढवला नाही.

"कोणाचा, दादा?"

जीपमालकाची नजर समोरच्या बाकाकडे गेली. तिथं गंगीबाई कुबडी मांडीवर आडवी धरून बसली होती. ती त्याच्याकडेच बघत होती.

"लिहून घ्या," न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले. "शब्दशः."

व्हरांड्यात गंगीबाईनं रंजिताचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "वकीलबाई, त्यानं मले पाह्यलं. पह्यल्यांदा पाह्यलं."

ती गेल्यावर बाबाराव घसा खाकरत जवळ आले.

"मस्त. त्या सुईचा असर किती दिवस राह्यते गं?"

"तीन-चार महिने, सर. मंग परत घ्या लागते."

"अन् मधातच उतरला तं?"

रंजितानं फाईल काखेत मारली.

"उतरू द्या ना, सर. दुसऱ्या साक्षीदाराची तारीख कधीची आहे, ते सांगा."