आजीचा तवा

टेनेसीतल्या सासरी केंड्राने आपली नवी नॉनस्टिक भांडी मांडली, तशी सासूबाईंनी ती उचलून थेट कचऱ्यात भिरकावली.

"स्वयंपाकाला भांडं एकच लागतं, माझ्या आजीचा हा बिडाचा तवा! नुसता पुसायचा. साबण लावलास तर हात मोडून ठेवीन. आणि सांभाळ, शेजारच्या त्या वेंधळ्या अर्लीनसारखं करू नकोस. चर्चच्या जेवणात तवा हरवून बसली, अजून गावभर बोंबलतेय!"

सासूबाईंची पाठ वळताच केंड्राने दातओठ खात तो तवा साबण आणि तारेच्या घासणीने खसाखसा घासला. बुडावरची वर्षानुवर्षांची काळी पुटं निघाली आणि खाली कोरलेलं नाव दिसलं: अर्लीन.



रविवारी तिने तवा बूड पुढे करून भिंतीवर टांगला, आणि अर्लीनबाईंना जेवायला बोलावलं.